घरं मंजूर, रस्ता तुटक रेषेत

पाणंदकर | रविवार, रात्री ९:५०

घर घेऊन सहा वर्षं झाली. पुण्याच्या पश्चिमेला, हायवेच्या पलीकडे. गावाचं आणि सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणं इथे नकोत.

आमच्या गेटसमोर बारा मीटर रुंदीचा डांबरी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना फूटपाथ, एलईडीचे खांब, मधोमध पांढरा पट्टा. लांबी माझ्या पावलांनी एकशे बारा. एका टोकाला तो जुन्या पाणंदीला मिळतो आणि दुसऱ्या टोकाला ज्वारीच्या रानात संपतो. तिथे पत्रे ठोकलेत. पत्र्यापलीकडे एक म्हैस बांधलेली असते, अलीकडे संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. चेंडू पत्र्यावरून गेला की आउट, कारण आणायला जायचं म्हणजे पलीकडच्या मावशींच्या शिव्या खायच्या.

आठव्या मजल्याच्या गॅलरीतून मोठा रस्ता दिसतो. बसच्या पाटीवरचा नंबर वाचता येत नाही, पण रंग कळतो. सरळ रेषेत सहाशे-सातशे मीटर असेल. गाडीने चार किलोमीटरच्या वर, कारण पाणंदीने उलट्या दिशेला जाऊन, गावठाणाला वळसा घालून, हायवेखालच्या बोगद्यातून यायचं. पाणंद एके ठिकाणी इतकी अरुंद आहे की टँकर आणि स्कूल बस समोरासमोर आले की एकाला मागे जावं लागतं. त्याचाही अलिखित नियम ठरलाय: रिकामा टँकर मागे जातो, भरलेला जात नाही. दोन्ही भरलेले असले की आम्ही गाडी बंद करून पॉडकास्ट ऐकतो.

बुकिंगच्या वेळी माहितीपत्रकातल्या नकाशावर हा रस्ता थेट मोठ्या रस्त्यापर्यंत दाखवला होता. आमच्या गेटपर्यंत ठळक रेषा आणि पुढे तुटक. त्या तुटक रेषेचा अर्थ मी विचारला नव्हता. विकणारा मुलगा म्हणाला, "सर, डीपी रोड आहे, सँक्शन्ड." खोटं बोलला नाही बिचारा.

आता मुद्द्यावर येतो. आपण घरटंचाई म्हणतो तेव्हा घरं कमी आहेत असं म्हणतो, की रस्ता, पाणी आणि ड्रेनेज पोचलेली जमीन कमी आहे असं म्हणतो? माझ्या गॅलरीतून मोजायचं तर इमारती भरपूर दिसतात. त्यातले निम्मे फ्लॅट अंधारात असतात. आणि इथून पूर्वेला, जिथून चालत बसस्टॉपला जाता येतं, तिथे जुन्या लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या दोन खोल्यांना माझ्या थ्री बीएचकेपेक्षा जास्त भाव आहे. लोक भिंतींचे पैसे देतच नाहीत, मोकळं सुटण्याचे पैसे देतात.

माझं म्हणणं: आधी रस्त्यांचं जाळं जमिनीवर आखायचं आणि मग घरांना परवानगी द्यायची, हा क्रम आपण सोडून दिलाय. परवानगी एकेका प्लॉटला मिळते आणि रस्ता तेवढ्याच तुकड्यात होतो. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि यातलं कळणारं कुणी असेल तर सांगा, हे असं का होतं?

---

खडूस पेठकर | रविवार, रात्री १०:०४

हायवेच्या पलीकडे राहायला कुणी सांगितलं होतं? आम्ही वाड्यात दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण वाढलो. पॉडकास्ट नव्हते.

---

पाणंदकर | रविवार, रात्री १०:११

काका, वाड्याचा पत्ता द्या, भाड्याने खोली मिळत असेल तर उद्या येतो.

---

खडूस पेठकर | रविवार, रात्री १०:१३

वाडा पाडला. टॉवर झाला. मी पण बावधनला आहे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात स्फोटाने पाडला तेव्हा मध्यरात्री टीव्हीसमोर बसलो होतो, टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टात नवीन रस्ते सुरू झाले. आता कुठल्या रॅम्पवर चढायचं हे अजून चुकतं.

---

काटकोन | रविवार, रात्री ११:२६

वास्तुविशारद आहे, परवानगीच्या फायलींशी रोज संबंध येतो. पाणंदकर, तुमचा एकशे बारा पावलांचा रस्ता कसा जन्माला आला ते सांगतो.

विकास आराखडा, म्हणजे डीपी, हा एक रंगीत कागद असतो. त्यात रस्ते आखलेले असतात, पण त्या रस्त्याखालची जमीन ज्याची त्याचीच राहते. ती घ्यायचे मार्ग तीन: रोख मोबदला देऊन भूसंपादन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) देऊन ताबा, किंवा मालकाने स्वतः प्लॉट विकसित करताना आपल्या हद्दीतला तुकडा सोडणं. पहिल्याला पैसे लागतात, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर ते बरेच लागतात. म्हणून व्यवहारात तिसरा मार्ग चालतो. तुमच्या बिल्डरच्या हद्दीत जेवढा डीपी रस्ता येत होता तेवढा त्याने दिला, डांबर टाकलं, बदल्यात एफएसआय घेतला. शेजारचा शेतकरी अजून ज्वारी पेरतोय. त्याला काही बांधायचं नाही, त्यामुळे त्याचा तुकडा सोडायची वेळच आलेली नाही. असे अर्धवट तुटलेले रस्ते शहरभर इतके आहेत की त्यांना 'मिसिंग लिंक' असं नावच पडलंय.

दुसरी गंमत रस्त्याच्या रुंदीची. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. त्यात किती बांधायचं हे समोरच्या रस्त्यावर ठरतं. पुण्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ एफएसआय मिळतो, तिथेच विषय संपतो. ९ मीटरला प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय) आणि टीडीआर धरून २ पर्यंत जाता येतं, ३० मीटर आणि पुढे ३ पर्यंत. वर अ‍ॅन्सिलरी (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा) वेगळा. म्हणजे तत्त्व बरोबर आहे, रुंद रस्ता तिथे जास्त माणसं. पण नियम मोजतो रुंदी. तो रस्ता पुढे कुठे जातो, हे कुणी मोजत नाही. तुमचा बारा मीटर बारा मीटरच आहे, पट्टी लावून बघा.

---

अकरा महिने | सोमवार, सकाळी ७:४०

बारा मीटरचा बारा मीटरच आहे 😄 बसमध्ये वाचून हसले, शेजारची बाई बघायला लागली.

मी भाड्याने राहते. पुण्यात सात वर्षांत पाच घरं झाली. दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी भाडं वाढ, आणि दर वेळी मी एक गाव बाहेर सरकते. आधी कर्वेनगर, मग वारजे, मग अजून पुढे. मला पाणंदकरांचं एक पटलं आणि एक नाही पटलं. मोकळं सुटण्याचे पैसे देतो हे खरं. पण अंधारातल्या फ्लॅटचं काय? ते रस्त्याअभावी रिकामे नाहीत. ते गुंतवणूक म्हणून घेतलेत. माझ्याच सोसायटीत माझ्या समोरचा फ्लॅट चार वर्षं कुलूपबंद आहे, मालक भाड्याने द्यायला तयार नाही. म्हणतो, भाडेकरू नको, डोक्याला ताप नको. रस्ता झाला तर त्या फ्लॅटचा भाव वाढेल, कुलूप तसंच राहील.

---

डिलाईल रोड | सोमवार, दुपारी १:१५

अकरा महिनेंना +१.

देशाच्या पातळीवर आकडे बघा. २०१२ मध्ये सरकारच्याच तांत्रिक गटाने शहरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई सांगितली. त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग गरीब आणि अल्प उत्पन्न गटाचा. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी सापडली. शिवाय टंचाईतला सगळ्यात मोठा भाग बेघरांचा नव्हताच, एका घरात दाटीने राहणाऱ्या कुटुंबांचा होता. ते आम्ही.

आमचा जन्म मुंबईतल्या बीडीडी चाळीतला. १६० चौरस फूट, संडास मजल्याच्या टोकाला. चाळी बांधल्या १९२० च्या दशकात, कामगारांसाठी. माझ्या आजोबांनी खोली घेतली, बाबांनी तिथेच संसार केला, दादाच्या लग्नानंतर मधोमध पडदा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ५०० फुटांची घरं. शंभर वर्षांनी. आमच्या चाळीपासून स्टेशन चालत, गिरणी चालत, शाळा चालत, केईएम बसने पंधरा मिनिटं. रस्त्यांची काही कमी नव्हती हो. घराचीच होती. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, मग भाड्यासाठी बांधणं कुणाला परवडेना. ज्यांची खोली आहे ते आत, बाकीचे झोपडपट्टीत किंवा विरारला. तुमच्या धाग्यात घरटंचाई म्हणजे थ्री बीएचकेवाल्याला बस लांब पडते एवढीच दिसतेय.

---

पाणंदकर | सोमवार, रात्री ८:३०

टोला बसला, आणि बरोबर बसला. पण एक विचारू? दादर, माटुंगा, तुमचं परळ इथे चालत सगळं मिळतं कारण कुणीतरी आधी रस्ते टाकून ठेवले होते ना? विरारला गेलेल्यांना ते मिळालं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे, ते थ्री बीएचकेतून आलं म्हणून चुकीचं ठरू नये.

---

काटकोन | सोमवार, रात्री ९:१२

दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलताय. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली. ट्रस्टने दाट वस्तीतून रस्ते काढले. आताचा महंमद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट ही त्यांचीच कामं. त्यात हजारो गरिबांच्या खोल्या गेल्या आणि तेवढ्या परत बांधल्या गेल्या नाहीत. हे डिलाईल रोडच्या बाजूने. पण त्याच ट्रस्टने उत्तरेला दादर-माटुंगा-सायनची शेतं आणि पाणथळ जमीन घेतली, आधी रस्ते आणि गटारं टाकली आणि मग प्लॉट भाडेपट्ट्याने दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. आज तिथे मूळच्यापेक्षा बरीच जास्त माणसं राहतात तरी गल्ल्या चालतात, कारण प्रत्येक गल्ली कुठेतरी निघते. हे पाणंदकरांच्या बाजूने.

पुण्यातही झालंय हे. शिवाजीनगर, एरंडवण्यातल्या जुन्या बंगल्यांचे पत्ते बघा, 'फायनल प्लॉट नंबर अमुक' असं लिहिलेलं असतं. तो फायनल प्लॉट म्हणजे टाउन प्लॅनिंग (टीपी) स्कीमची खूण. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली पद्धत. सगळ्यांची शेतं एकत्र धरायची, रस्ते, शाळा, बाग आखायची, आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट करून ज्याच्या त्याला प्रमाणात परत द्यायची. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण प्रत्येकाच्या दारात रस्ता येतो.

गुजरातने ही पद्धत सोडली नाही. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बराचसा असाच टीपी स्कीममधून जमीन मिळवून झाला. भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावातले बोळ रुंद केले तेही टीपी स्कीमने, लहान प्लॉटवाल्याकडून कमी कापून आणि मोठ्याकडून जास्त. आपण १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात हे प्रकरण ठेवलं, कलम ५९ पासून पुढे, आणि वापर जवळजवळ बंद केला. डीपीवर आरक्षणं रंगवणं सोपं पडतं.

---

दोन एकर | मंगळवार, सकाळी ६:२०

रोज वाचतो इथं, लिहीत नाही. आज लिहितो कारण ती ज्वारीवाली बाजू कुणीतरी सांगायला पायजे.

आमचं दोन एकर रान आहे, ऐंशी गुंठे. चोवीस मीटरचा रस्ता पडलाय, तोही तिरका. बावीस गुंठे रस्त्यात. एका बाजूला नऊ गुंठ्यांचा त्रिकोण उरतो. त्यात ना घर बसतं ना ऊस, ट्रॅक्टर वळत नाही. माझ्या भावाचं रान बांधाला बांध लावून. वाटणीत त्याला ओढ्याकडची हलकी जमीन गेली होती, चाळीस वर्षं त्याबद्दल कुरकुर केली त्यानं. आता त्याच्या रानात रस्ता नाही, पण रस्त्याला तोंड आलंय. रस्ता माझ्या रानातून आणि भाव भावाच्या रानाला. तो आता कुरकुर करत नाही.

मला म्हणतात टीडीआर घ्या. टीडीआर म्हंजे कागद. तो विकायचा तर दलाल गाठायचा, बाजार चढतो-पडतो, आणि मला भाव कोण सांगणार तर तोच दलाल. पोरीच्या लग्नाला टीडीआर चालत नाही. रोख द्या म्हणलं तर निधी नाही. मग मी रस्ता का सोडू? सोसायटीवाले येतात, साहेब जरा सहकार्य करा. मी सहकार्य करायचं आणि फ्लॅटचा भाव तुमचा वाढायचा. वर म्हशीवर लिहिलंय, तसं बरेच जण लिहितात. म्हैस रस्त्यात नाही, म्हैस रानात आहे. रस्ता तिच्यावर आलाय.

---

पाणंदकर | मंगळवार, सकाळी ७:०५

हे वाचून गप्प बसलो. धन्यवाद लिहिल्याबद्दल. म्हशीबद्दल माफी.

---

काटकोन | मंगळवार, सकाळी १०:४८

दोन एकर, आरक्षण पडून दहा वर्षं झाली असतील आणि जमीन घेतली नसेल तर एमआरटीपीच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. चोवीस महिन्यांत सरकारी यंत्रणेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, होतं. वकील बघून करा.

---

दोन एकर | मंगळवार, दुपारी १२:३०

माहितीये. वकिलानं सांगितलं होतं. पण रस्ताच उडाला तर माझ्या उरलेल्या अठ्ठावन्न गुंठ्यांना भाव कुठला? मलाबी रस्ता पायजेच. एकट्यानं द्यायचा नाही एवढंच.

---

नागोया डायरी | मंगळवार, दुपारी ४:०२

दोन एकर यांच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

मी नागोयाला असते, अकरा वर्षं झाली. इथे या प्रकाराला 'कुकाकु सेइरि' म्हणतात, जमिनीची फेरमांडणी. जपानमधल्या शहरी भागाचा साधारण तीसएक टक्के भाग या पद्धतीने घडलाय. युद्धात नागोया जळून गेलं, तेव्हा महापालिकेने सगळ्या प्लॉटांची परत मांडणी करून रस्ते काढले, त्यातले दोन तर शंभर मीटर रुंद आहेत. मध्यवस्तीतल्या देवळांच्या आवारातली थडगीसुद्धा हलवून एका टेकडीवर नेली, आता तो हेइवा पार्क. पूर्वजांची थडगी हलवायला लोक तयार झाले, यावर माझा आधी विश्वासच बसेना.

मालकाची जमीन जितकी कमी होते त्याला 'गेन्बु' म्हणतात. आणि त्यातली थोडी जमीन बाजूला ठेवतात, ती विकून रस्त्याचा खर्च निघतो. म्हणजे 'निधी नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. निधी त्या जमिनीतच असतो. तिरका रस्ता आला तरी त्रिकोण कुणा एकाच्या नशिबी येत नाही, कारण सगळेच प्लॉट नव्याने आखले जातात. भावाला आणि तुम्हाला सारखीच कात्री लागली असती.

उलट बाजूही सांगते. फार वेळ लागतो. माझ्या नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या वडिलांचं घर एका योजनेत होतं, त्यांनी सही केली तेव्हा सहकारी शाळेत होता, प्लॉट ताब्यात आला तेव्हा त्याचं लग्न झालं होतं.

---

सायकलवाला | मंगळवार, रात्री ९:३३

रस्ते, रस्ते, रस्ते. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या शेवटी पंचावन्न उड्डाणपुलांची योजना आली, कोंडी गेली का? पुण्यात विद्यापीठ चौकातला पूल बांधला आणि २०२० च्या जुलैत पाडला, आता मेट्रोसकट नवा. रस्ता वाढवला की गाड्या वाढतात, हे जगभर सिद्ध झालंय. पैसा पीएमपीच्या बसना द्या, मेट्रोला द्या.

---

काटकोन | मंगळवार, रात्री १०:२०

रुंद करणं आणि जोडणं यात फरक करा, एवढी विनंती. उड्डाणपूल आहे त्याच वाटेवर जास्त गाड्या कोंबतो. पाणंदकरांच्या तुटक रेषेवर सहाशे मीटर डांबर पडलं तर साडेतीन किलोमीटरचा वळसा वाचतो, आणि पोरगी बसस्टॉपला चालत जाते. गाडी निघतच नाही. बस तरी कुठे चालवणार? पाणंदीत? हिंजवडीत हेच झालंय. नोकऱ्या आल्या, टॉवर आले, आणि हायवे ओलांडायला जागा मोजक्या. वाकडचा पूल, भूमकर चौक, असल्या चार-दोन ठिकाणी सगळा भार. तेवीस किलोमीटरची मेट्रो चांगलीच, पण स्टेशनपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर कापायला पुन्हा गल्लीच लागते.

पुण्याच्या आतही जोडणीपेक्षा रुंदीचं वेड आहे. २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता. कारण वाहतूक नव्हतं. नऊ मीटर झाले की टीडीआर वापरता येतो, पुनर्विकास होतो. त्यामुळे घरं वाढतील हे खरं, त्याला माझा विरोध नाही. पण रस्त्याला रस्ता म्हणून कुणी बघत नाही, एफएसआयची चावी म्हणून बघतात.

---

सायकलवाला | मंगळवार, रात्री १०:४१

जोडण्याला विरोध नाही. बारा मीटरमध्ये सायकलला दीड मीटर द्या, मग बोलू.

---

खडूस पेठकर | मंगळवार, रात्री १०:५०

सायकल ट्रॅकवर आमच्याकडे वडापावची गाडी असते. वडापाव चांगला आहे.

---

संपादक | बुधवार, सकाळी ९:००

वडापावसाठी खाऊगल्लीचा धागा आहे. दोन प्रतिसाद हलवले आहेत.

---

डिलाईल रोड | बुधवार, दुपारी २:१०

टीपी स्कीमचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. ज्याच्या नावावर जमीन त्याला प्लॉट परत. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला? शेतमजूर, त्या रानात खोपटं टाकून राहणारा, टँकर चालवणारा? पनवेलकडे नैनामध्ये (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजित क्षेत्र) सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, टीपी स्कीमच करतेय, मालकाला चाळीस टक्के भूखंड परत. तिथे शेतकऱ्यांचाच विरोध आहे, साठ टक्के का सोडायचे म्हणून. आणि नवी मुंबईचा इतिहास विसरू नका. १९७० ला सिडको आली, पंचाण्णव गावांची जमीन घेतली, रस्ते-सेक्टर झकास आखले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायला १९८४ ला जासईत गोळीबार व्हावा लागला, माणसं मेली. त्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी आयुष्य घालवलं. झकास रस्त्यांखाली हेही आहे.

---

अकरा महिने | बुधवार, दुपारी ३:२५

म्हणूनच मला वाटतं की जाळं आखताना काही प्लॉट भाड्याच्या घरांसाठी राखायलाच हवेत. आता चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर वीस टक्के लहान घरं द्यायचा नियम आहे, म्हाडाच्या सोडतीतून. मी तीनदा फॉर्म भरला. ती घरंही विकतच घ्यायची असतात, आणि असतात कुठे? जिथे मोठे प्लॉट शिल्लक आहेत तिथे. म्हणजे पाणंदकरांच्या शेजारी. माझ्याकडे गाडी नाही. पाणंदीतून टँकरच्या मागे चालत येऊ का?

---

नागोया डायरी | बुधवार, दुपारी ४:१५

बाजूला ठेवलेली जमीन विकायची की त्यावर भाड्याची घरं बांधायची, हे ठरवणाऱ्यांच्या हातात असतं. तिथेच अकरा महिनेंचा प्रश्न सुटू शकतो. विकली तर मात्र रस्ता होईल आणि त्या पुन्हा एक गाव बाहेर सरकतील.

---

दोन एकर | बुधवार, रात्री ८:१०

डिलाईल रोडचं बरोबर आहे. माझ्या रानात एक जोडपं आहे बीडकडचं, बारा वर्षं. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. रस्ता गेला तर मला निदान कागद तरी मिळंल.

साठ टक्के सोडायला मी पण तयार होणार नाही. पन्नासला विचार करीन, पण आधी रस्ता दिसला पायजे, मग सही. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबं एकत्र आली, चारशेवर एकर, स्वतःच कंपनी काढली, विकून मोकळे झाले नाहीत. पण त्यांच्यात म्होरक्या घरचा होता. आमच्यात भाऊ भावाशी बोलत नाही.

---

पाणंदकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६:३५

धागा वर काढतोय.

काटकोन यांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे झोन दाखला आणि डीपीचा भाग नकाशा काढला, वर गट नकाशा ठेवला. सोसायटीतल्या एका निवृत्त सर्व्हेअर आजोबांनी ट्रेसिंग पेपरवर दोन्ही जुळवून दिले. सहा वर्षं मी ज्याला 'पलीकडचं रान' म्हणत होतो ते तीन गट नंबर आहेत. बस्स, तीन. पहिला एका डॉक्टरांचा, गुंतवणूक म्हणून घेतलेला. ते म्हणाले, बाकीचे देत असतील तर मी देतो. तिसरा मोठ्या रस्त्याला लागून, त्यांनी त्यांचा तुकडा आधीच दिलाय, तिथेही शंभरएक मीटर डांबर आहे आणि टोकाला पत्रे. म्हणजे पलीकडेही कुणीतरी पोरं क्रिकेट खेळत असणार.

मधला गट म्हशीचा. काल सकाळी गेलो, पेढे घेऊन गेलो. मावशींनी ओळखलं, म्हणाल्या, "चेंडूवाले ना?" त्यांनी पत्र्याच्या पेटीतून सातबारा काढून दाखवला. अकरा नावं आहेत. त्यातले दोघं वारलेत, एक सुरतला असतो, दोन बहिणींनी हक्कसोड दिली असं मावशी म्हणतात पण नावं तशीच आहेत. रस्ता द्यायला त्यांचा नकार नाही. म्हणाल्या, "आम्हाला आजवर कुणी विचारायलाच आलं नाही. नोटीस आली ती मेलेल्या माणसाच्या नावानं आली, आम्ही परत पाठवली."

निघताना हुरडा दिला पिशवीभर. आता पुढे काय करू?

---

दोन एकर | रविवार, सायंकाळी ७:०२

आधी मयतांची वारस नोंद लावा. मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र. मावशीला एकटीला पाठवू नका, कुणीतरी सोबत जा, खेटे घालायला लावतील. हक्कसोड रजिस्टर झालंय का ते बघा, नुसत्या स्टॅम्पवर लिहिलं असंल तर बहिणींना परत सही करावी लागंल. सुरतवाल्याला फोन मावशीनं करायचा, तुम्ही नाही. तुम्ही केला की त्याला वाटंल भाव आलाय.

---

काटकोन | रविवार, सायंकाळी ७:२०

आणि बीडच्या जोडप्यासारखं कुणी त्या रानात राहतंय का, तेही आत्ताच विचारून ठेवा.

---

पाणंदकर | रविवार, सायंकाळी ७:४४

आहेत. म्हशीची धार तेच काढतात. मंगळवारी मावशींना घेऊन तलाठ्याकडे जातोय, रजा टाकली आहे.